व्हॅनच्या रंगाचा रिकॉल आलाय, काच सैल होऊ शकते म्हणतात. गाडी द्यावी का? (सांगली)

पिवळीव्हॅन_सांगली:
मंडळी नमस्कार. मी विश्रामबागला राहतो, शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो, सकाळी दोन ट्रिपा दुपारी दोन. गाडी २०२१ ची आहे, मी २०२३ ला सेकंडहॅन्ड घेतली. तेव्हा पांढरी होती, नियमाप्रमाणे शाळेची गाडी पिवळी लागते म्हणून कुपवाडला रंगवून घेतली.

परवा पहिल्या मालकाचा फोन आला, म्हणाले तुमच्या गाडीचं कंपनीचं पत्र माझ्या पत्त्यावर आलंय. फोटो पाठवला. त्यात लिहिलंय की या लॉटच्या गाड्यांना पुढच्या काचेच्या चौकटीवर रंगाने पत्र्याला नीट धरलेलं नाही, त्यामुळे काच सैल होऊ शकते, गाडी जवळच्या सर्व्हिस सेंटरला आणा, काम मोफत. यालाच रिकॉल म्हणतात.

मी फोन केला तर ते म्हणाले २ ते ३ दिवस गाडी ठेवावी लागेल. आणि गाडी पिवळी केलीय म्हटल्यावर लगेच सूर बदलला, "मग बाहेर रंगकाम झालंय, आधी बघावं लागेल, मोफत बसेलच असं नाही." आता मला कळेना की रंगाचा आणि काचेचा संबंध काय. ३ दिवस गाडी दिली तर १४ पोरांच्या आईवडलांना काय सांगू, खाडा पडला की पैसे कापतात ते वेगळंच, आणि वर हप्ता आहेच. कुणाला असा अनुभव आहे का? द्यावी का गाडी?

हळदवाला_मार्केटयार्ड:
रंगाचं काय एवढं राव. माझ्या व्हॅनच्या टपाचा रंग दोन वर्षात पोपडे धरून निघाला, मी तशीच पळवतोय, हळदीची पोती काय रंग बघून बसत न्हाईत. कंपन्या असं पत्र पाठवून गाडी बोलावतात आणि मग ब्रेक पॅड गेलाय, बेल्ट गेलाय म्हणून बिल काढतात. धंदा सोडून जाऊ नका.

रोहिणी_मिरज:
दादा, माझा मुलगा अशाच व्हॅनने जातो. तुम्ही ३ दिवस गाडी दिली तर मी ३ दिवस स्कूटीवर सोडेन मुलाला, पैसे पण कापणार नाही. पण काच सैल असलेल्या गाडीत बसवणार नाही. पालकांना स्पष्ट सांगा, पत्राचा फोटो ग्रुपवर टाका, सगळे समजून घेतील.

चाकण_पेंटशॉप:
मूळ गाव कोरेगाव, सध्या चाकणला, गाड्यांच्या पेंट शॉपमध्ये ११ वर्षं झाली. हळदवाले दादा, तुमच्या टपाचे पोपडे आणि या पत्रातला दोष दिसायला एकच वाटतील पण दोन्हीत फार फरक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पूर्वीच्या व्हॅनला आणि टेंपोला पुढची काच रबरात बसवलेली असायची. रबर पत्र्याच्या कडेला पकडायचं. आता बहुतेक गाड्यांना पेस्टिंगची काच असते, म्हणजे पॉलियुरेथेनचा काळा चिकट पट्टा चौकटीवर फिरवतात आणि त्यावर काच दाबतात. हा पट्टा थेट पत्र्याला चिकटलेला नसतो, तो रंगाला चिकटलेला असतो. आणि रंग पत्र्याला. म्हणजे काच, पट्टा, रंग, पत्रा अशी साखळी झाली. पट्टा कितीही दणकट असूदे, रंगानेच पत्रा सोडला तर काच त्या रंगासकट बाहेर येणार.

रंग पण एक थर नसतो. पत्रा धुवून त्याला फॉस्फेट बसतं, मग अख्खी बॉडी टाकीत बुडवून वीज सोडून पहिला थर बसवतात, त्याला आमच्याकडे ईडी म्हणतात, तो करड्या रंगाचा असतो. तो साधारण १६० ते १८० डिग्रीला भाजतात. त्यावर सरफेसर म्हणजे मधला थर, मग कलर, मग क्लिअर म्हणजे वरचा पारदर्शक थर. सगळं मिळून साधारण १०० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे एक-दीड केसाएवढी जाडी. एवढ्याशा जाडीवर काच उभी असते. यातल्या कुठल्याही दोन थरांत पकड नसली की संपलं. खालचा थर कमी भाजला, किंवा लाईन बंद पडून बॉडी ओव्हनमध्ये अडकली आणि जास्त भाजली गेली, किंवा कुठून तेलाचा सिलिकॉनचा अंश आला, की वरचा थर नुसता बसलेला दिसतो, धरत नाही. गाडी बाहेर पडताना आरशासारखी चमकते, डोळ्याला काही कळत नाही.

टपावर पोपडे निघाले तर गाडी विद्रूप होते, गंजते, ते वॉरंटीचं भांडण आहे. चौकटीवर सुटलं तर तो जिवाचा प्रश्न आहे. गाडी द्या.

साताऱ्याचा_गडी:
चाकणवाले दादा एक नंबर माहिती. ही टपाची भानगड का होते तेवढं सांगा की, आमच्या इकडं पोवई नाक्यावर उभ्या असतात त्यातल्या निम्म्या पांढऱ्या व्हॅनचा टप गजकर्ण झाल्यागत दिसतो.

चाकण_पेंटशॉप:
ऊन. तो खालचा करडा ईडीचा थर इपॉक्सीचा असतो, गंजाला एकदम भारी पण ऊन त्याला सोसत नाही, त्याची भुकटी होते. म्हणून मधे सरफेसर असतो, तो ऊन अडवतो. मधला थर पातळ पडला किंवा गाळला तर ऊन वरच्या रंगातून झिरपून खाली पोचतं आणि काही वर्षांत वरचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो. अमेरिकेत १९८० आणि ९० च्या दशकात पिकअप आणि व्हॅनच्या बाबतीत हे फार मोठ्या प्रमाणावर झालं होतं, कोर्टकचेऱ्या झाल्या. टप आणि बॉनेट आधी सुटतात कारण ऊन तिथं सरळ पडतं. काचेच्या चौकटीवर मात्र ऊन पोचत नाही, काचेच्या कडेला जो काळा पट्टा छापलेला असतो तो त्यासाठीच असतो, आतल्या चिकट पट्ट्याला ऊन लागू नये म्हणून. तेव्हा चौकटीवर रंग सुटला तर दोष उन्हाचा नाही, कारखान्यातल्या कामाचा धरायचा.

हळदवाला_मार्केटयार्ड:
बरं पण काच सैल झाली म्हणजे काय ती लगेच रस्त्यावर पडती का? काचवाल्याकडं जाऊन चार बोटं सिलंट मारून घ्या की. ५०० रुपयात काम.

मिरज_ॲम्ब्युलन्स:
हळदवाले भाऊ असं नका करू, कळकळीने सांगतो. मी मिरजेत ॲम्ब्युलन्स चालवतो, कर्नाटकातून पण पेशंट आणतो. आमच्या आधीच्या गाडीला पावसाळ्यात डाव्या कोपऱ्यातून पाणी यायचं, मी असंच वरून सिलंट मारलं. पाणी थांबलं. पण ८० च्या वर गाडी गेली की शिट्टी वाजायची, मी म्हटलं असेल वायपरची. एका दिवशी अंकलीच्या पुलाच्या अलीकडं खड्ड्यात गाडी आदळली आणि काचेचा कोपरा बोटभर पुढं आलेला दिसला. मागं पेशंट, बाजूला त्याची बायको. २० च्या स्पीडने दवाखान्यात नेली. पेशंट वाचला, पण त्या २० मिनिटांत मला जे वाटलं ते मी कधी विसरणार नाही. वरून मारलेला सिलंट फक्त पाणी अडवतो, काच धरत नाही. आमच्या गाडीत दोष आधी कुणीतरी काच बदलताना केलेल्या कामाचा होता, कंपनीचा नव्हता, पण परिणाम तोच.

शिट्टी, पाणी, आणि खड्ड्यात कटकट आवाज. या तीनपैकी एक जरी असलं तर थांबू नका.

निवृत्त_आरटीओ_कराड:
नोकरीत असताना अपघातातल्या गाड्या बऱ्याच तपासल्या आहेत म्हणून दोन शब्द. पुढची काच वारा अडवायला आहे एवढंच लोक धरतात. गाडी उलटली की टप दबू नये म्हणून पेस्टिंगची काच मदत करते. शेजारच्या सीटचा एअरबॅग फुगतो तो काचेवर आपटून माणसाकडे वळतो, काचच निघून गेली तर एअरबॅग बाहेर जाणार. आणि बेल्ट न लावलेला माणूस आत राहतो तो लॅमिनेटेड काचेमुळे.

आता कायद्याचं. आपल्याकडे आधी कंपन्या स्वतःहून रिकॉल करायच्या, २०१२ पासून त्यांच्या संघटनेची आचारसंहिता होती. मग २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीत कलम ११० अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. सुरक्षेचा दोष असेल तर सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकतं, दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. कंपनीने स्वतःच दोष कळवून गाड्या बोलावल्या तर दंड नाही. हा नियम गाडी बनल्यापासून ७ वर्षांच्या आतल्या गाड्यांना आहे, तुमची २०२१ ची म्हणजे बसते. आणि रिकॉल गाडीवर असतो, मालकावर नाही. तुम्ही दुसरे मालक असा की पाचवे, चासी नंबर यादीत असला की काम करून देणं त्यांचं कर्तव्य. त्यांच्याकडे मोफत म्हणून लेखी आहे, तोंडी "बसेलच असं नाही" ऐकून परत येऊ नका, नाकारत असतील तर नकार लेखी मागा.

पिवळीव्हॅन_सांगली:
सगळ्यांचे आभार. ॲम्ब्युलन्सवाल्या दादांचं वाचून काल रात्री झोप लागली नाही, कारण जुलैपासून माझ्या पण डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात ओल येते, मी खाली फडकं ठेवून चालवत होतो. आज सकाळी आधी ग्रुपवर पत्राचा फोटो टाकला. १४ पैकी १२ पालकांनी "करून घ्या" म्हणून लिहिलं, दोघांनी फोन करून चौकशी केली. गाडी गुरुवारी देतोय. पण तो पिवळ्या रंगाचा मुद्दा राहिलाच, ते नक्की अडवणार.

कुपवाडचा_पेंटर:
दादा मी रंगवाला, तुमचं काम मी केलं नसलं तरी आमच्याच लायनीतल्या कुणीतरी केलं असणार. मला एक सांगा, पिवळी करताना काच काढली व्हती का?

पिवळीव्हॅन_सांगली:
नाही. कागद आणि टेप लावून कडेपर्यंत मारला रंग. लाइट आणि नंबरप्लेट तेवढी काढली होती.

कुपवाडचा_पेंटर:
मग तुमचं काम सोपं हाय बगा. काच काढलीच न्हाई म्हणजे काचेच्या खाली पिवळा रंग गेलाच न्हाई. तितं अजून कंपनीचाच पांढरा हाय. तवा गाडी द्यायला जाल तवा दोन गोष्टी करा. एक, काच काढताना तुमी स्वतः हजर ऱ्हावा. दुसरं, काच निघाली की ती पालथी टाकायला लावा आणि काळ्या पट्ट्यावर बगा काय चिकटलंय. पट्टा नुसता काळा आसंल आणि चौकटीवर पांढरा रंग शाबूत आसंल तर पट्ट्याचा दोष. पट्ट्याला पांढरी पट्टी चिकटून आली आसंल आणि चौकटीवर करडं दिसत आसंल तर कंपनीच्या रंगानं सोडलंय. पिवळं कुटंच न्हाई दिसलं म्हणजे बाहेरच्या कामाचा काय संबंध न्हाई. फोटो काढून ठेवा, तारखेसकट.

आणि मित्रांनो आमच्या लायनीची पण चूक सांगतो. काच बदलायला येत्यात तवा कायजण चौकट घासत न्हाईत, जुन्या रंगावर तसाच मारत्यात, वर काच चिकटवत्यात. आमी ब्लेडनं बारीक चौकटी कापून वर टेप लावून ओढतो, टेपला रंग आला की सगळा काढायचा, लांबी म्हंजे पुट्टी परत, प्रायमर परत. गिऱ्हाइकाला वाटतं वेळ काढतोय. पण ते केल्याबिगर काच बसवू नये.

चाकण_पेंटशॉप:
पेंटरदादांना मनापासून सलाम. तो ब्लेड आणि टेपचा प्रयोग आमच्याकडे रोज होतो, त्याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ २४०९, फक्त आम्ही खास कटर वापरतो. आणि पट्ट्यावर काय चिकटून आलं हे बघणं, हीच आमच्या लॅबमधली पण पहिली पायरी.

रोहिणी_मिरज:
मला एक विचारायचं होतं, पालक म्हणून आम्ही व्हॅनवाल्या काकांना नक्की काय विचारायचं? सरळ "तुमची गाडी रिकॉलमध्ये आहे का" विचारलं तर त्यांना राग येईल.

मिरज_ॲम्ब्युलन्स:
ताई, राग कशाला येईल. त्यांना म्हणा काका आरसी बुकवरचा चासी नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा, मी बघून देऊ का? आमच्यातल्या निम्म्यांना हे बघता येतं हेच माहीत नाही, तुम्ही फोनवर बघून दिलंत तर उपकारच होतील. सेकंडहॅन्ड गाडीचं पत्र जुन्या मालकाकडे जातं, तो बिचारा पुढं कळवेलच असं नाही. पिवळीव्हॅनवाल्यांचं नशीब चांगलं म्हणून त्यांना फोन आला.

साताऱ्याचा_गडी:
खरंय. आमच्या गावात एक व्हॅन तिसऱ्या मालकाकडं आहे, पहिला मालक ठाण्याचा. खंबाटकी घाट चढताना तिची शिट्टी आम्ही सगळे ऐकतो आणि लग्नाला जाताना मजेत तिला बासरी म्हणतो. हा धागा वाचून आजच त्याला फोन केला.

वकील_इस्लामपूर:
नकार मिळाला तर काय, यावर थोडक्यात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथे तक्रार टाका. त्याने नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. "तुमची गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहक नाही" असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे की स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून केलेल्या धंद्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर माणूस ग्राहकच. स्वतः व्हॅन चालवणारा त्यात बसतो. मुदत २ वर्षं, कारण घडल्यापासून.

पिवळीव्हॅन_सांगली:
गाडी परत आली, सविस्तर लिहितो.

गुरुवारी सकाळची ट्रिप करून ९ ला पोचलो. अडवलं त्यांनी, अपेक्षेप्रमाणे. मी म्हटलं काच माझ्यासमोर काढा, पिवळा रंग दिसला तर मी पैसे देतो. त्यांचा फिटर चांगला होता, म्हणाला चला बघू. दोघांनी तार घालून पट्टा कापायला घेतला. उजव्या बाजूला तार करकर करत जात होती, जोर लावावा लागत होता. वरच्या डाव्या कोपऱ्यापाशी आल्यावर तार एकदम मोकळी झाली, कापायला काही उरलंच नव्हतं. हाताने उचलल्यावर काच आली.

पालथी टाकली. काळ्या पट्ट्यावर वीतभर लांब पांढरी पट्टी चिकटलेली, लग्नाच्या फेट्याच्या काठासारखी सलग, आणि चौकटीवर त्याच लांबीचा करडा भाग, हात फिरवला तर गुळगुळीत, काच पुसल्यासारखा. त्याच्या खालच्या टोकाला तांबूस गंज धरायला लागला होता, जुलैचं पाणी तिथूनच येत होतं. पिवळं कुठेच नाही. फिटरने स्वतःच सुपरवायझरला हाक मारली. सुपरवायझर दोन मिनिटं बघत राहिला, मग कुठलाही वाद न घालता फॉर्म भरून घेतला.

चौकट पूर्ण घासली, करड्याच्या खालपर्यंत जिथं गंज होता तिथं पत्र्यापर्यंत, प्रायमर मारला, वाळवला, मग नवीन पट्टा, नवीन काच. शनिवारी संध्याकाळी गाडी मिळाली. बिल शून्य. निवृत्त साहेब, तुम्ही सांगितल्याप्रमाणे जॉब कार्डवर रिकॉलचं काम म्हणून लिहून घेतलंय.

त्या कोपऱ्याच्या बरोबर मागं यूकेजीतली पोरगी बसते. मी दोन महिने तिच्या पुढं फडकं ठेवत होतो.

रोहिणी_मिरज:
दादा, वाचून अंगावर काटा आला. तुम्ही गाडी दिलीत, उभं राहून बघितलंत, खूप खूप धन्यवाद.

चाकण_पेंटशॉप:
एक काळजी घ्या. हा पट्टा हवेतल्या बाष्पाने बाहेरून आत घट्ट होत जातो, वरून हाताला वाळलेला लागला तरी आत ओला असतो. सेंटरने जेवढा वेळ सांगितलाय त्याआधी गाडी बाहेर काढली नाही ना? आणि पहिले एक-दोन दिवस सरकता दरवाजा धाडकन लावू नका, एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. सगळं बंद असताना दरवाजा आपटला की आतल्या हवेचा दाब काचेवर येतो.

पिवळीव्हॅन_सांगली:
शुक्रवारी दुपारी काच बसवली, शनिवारी संध्याकाळपर्यंत तिथंच होती. दरवाज्याचं पोरांना सांगतो, ती तर आपटल्याशिवाय लावतच नाहीत. आठवडाभर मीच उतरून लावेन.

कुपवाडचा_पेंटर:
लय भारी काम झालं. पिवळ्या रंगाची काचेजवळची कड त्यांनी घासली आसंल तर तेवढा टच-अप माझ्याकडं करून न्या. पैसं घेनार न्हाई.

हळदवाला_मार्केटयार्ड:
मी वर जे लिहिलं ते चुकलं, कबूल करतो. कोपरा हाताने उचलला तर काच आली हे वाचून गप्प बसलो. पोराकडनं चासी नंबर टाकून बघितला. माझी गाडी बी यादीत हाय. टपाचं न्हाई, चौकटीचंच. सोमवारी पोती उतरवून सरळ नेतो.

मिरज_ॲम्ब्युलन्स:
सोमवारी नका जाऊ भाऊ, रविवारची सुट्टी असते त्यामुळं तिथं फार गर्दी होते, संध्याकाळपर्यंत गाडी हातात पण घेत नाहीत. मंगळवारी सकाळी ९ च्या आत पोचा. आणि तोपर्यंत पोती लांब न्यायची असतील तर दुसरी गाडी बघा, माझ्या भावाचा टेंपो रिकामा आहे, मेसेज करा.